टाइमशेअरचे पॉइंट्स भाड्याने घेऊन सहकुटुंब सहल : बुकिंग रद्द झाले तर पैसे कोणाचे बुडतात?

पांढरंसोनं (आर्णी)

नमस्कार मंडळी. टाइमशेअर म्हणजे हॉलिडे क्लबचे सभासदत्व : त्यात क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्यासाठी दरवर्षी ठराविक पॉइंट्स किंवा दिवस मिळतात. अनेक सभासदांना वर्षभराचे हे पॉइंट्स किंवा दिवस वापरणे जमत नाही, वार्षिक शुल्क मात्र भरावेच लागते. म्हणून ते पॉइंट्स पैसे घेऊन दुसऱ्या कुटुंबाला वापरायला दिले जातात. हॉटेलच्या दरापेक्षा हे स्वस्त पडते आणि स्वयंपाकघर असलेली प्रशस्त जागा मिळते, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडेही व्हॉट्सअॅपवर अशा जाहिराती फिरू लागतात. माझे मत असे आहे की, आज ज्या अटींवर हे पॉइंट्स मिळतात त्या अटींवर शेतीवर चालणाऱ्या कुटुंबाने ते घेऊ नयेत. पैसे आपण भरतो, पण बुकिंगवरचा अधिकार आपल्याकडे कधीच येत नाही.

व्यवहार कसा होतो ते पाहा. सभासद स्वतःच्या लॉगिनमधून खोली राखून ठेवतो, पाहुणा म्हणून आपले नाव टाकतो आणि कन्फर्मेशनचा कागद आपल्याला पाठवतो. क्लबचा करार सभासदाशी असतो, आपण केवळ त्याचे पाहुणे असतो. उद्या त्याने मोबाइलवरून बुकिंग रद्द केले, शुल्क थकल्यामुळे क्लबने त्याचे सभासदत्व स्थगित केले, किंवा पैसे घेऊन पाहुणे पाठवल्याचे क्लबच्या लक्षात आले, तर आपल्या हातातल्या कागदाला रिसेप्शनवर काहीही किंमत उरत नाही. मक्त्याने शेत केले तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, तसाच हा प्रकार आहे. पण तिथे निदान शेत डोळ्यांसमोर असते आणि मालक गावातला असतो.

आता आपल्या बाजूने रद्द करण्याची वेळ येण्याची शक्यता पाहू. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात, पण शेतकऱ्याला तेवढी मोकळीक नसते. मृगाच्या आधी वखरणी उरकून बियाणे आणि खत घरात आलेले असावे लागते. त्यामुळे आपल्याला बाहेर पडायला मुख्यतः मे महिनाच सापडतो, आणि क्लबांच्या हिशेबात तोच सर्वांत महाग हंगाम असतो. खोली कित्येक महिने आधी धरावी लागते. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच खुले होते. म्हणजे गाडीचे तिकीट मिळेल की नाही हे कळण्याआधी खोलीचे सगळे पैसे देऊन बसायचे. त्यानंतर घरात कोणी आजारी पडले, सुतक आले किंवा भाऊबंदकीत लग्न निघाले, तर सभासद एकच उत्तर देतो : पॉइंट्स गेले, पैसे परत मिळणार नाहीत.

ज्यांना हे मत पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

हिंगणघाटचा सभासद

भाऊ, आपण मांडलेला धोका खरा आहे, परंतु आपण सभासदाला लबाड समजून सुरुवात करता, हे मला मान्य नाही. मी स्वतः सभासद आहे आणि वापरणे शक्य नसेल त्या वर्षी आमचे दिवस ओळखीतल्या कुटुंबांना देतो. सभासद परतावा का नाकारतो, याचे कारण क्लबच्या नियमांत आहे, त्याच्या हावरेपणात नाही. मुक्कामाची तारीख जवळ आल्यावर बुकिंग रद्द केले, तर पॉइंट्स पूर्ण किंवा अंशतः बुडतात, नाहीतर असे परत येतात की त्यांचा उपयोग करता येत नाही. अमेरिकेतील डिस्नेचा क्लब १९९१ पासून पॉइंट्सवर चालतो. तिथे मुक्कामाला ३० दिवस किंवा त्याहून कमी उरले असताना रद्द केल्यास पॉइंट्स एका वेगळ्या खात्यात अडकतात आणि पुढच्या ६० दिवसांत येणाऱ्या मुक्कामासाठीच वापरता येतात. इतक्या ऐनवेळी सुट्टीच्या हंगामात चांगली खोली कुठे मिळणार? मग ते पॉइंट्स वर्षअखेरीस तसेच संपतात. वार्षिक शुल्क भरलेले असते, खोली दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि वरून पाहुण्याला पैसेही परत द्यायचे. हा तोटा सभासदाने एकट्याने का सोसावा?

स्वस्त दराचा अर्थच असा आहे की रद्द करण्याची मुभा त्यात धरलेली नाही. हॉटेलच्या संकेतस्थळावरही परतावा न मिळणारा दर कमी असतो आणि लोक तो समजून घेतात. मुभा हवी असेल तर हॉटेलचा पूर्ण दर द्यावा.

संत्राबाग वरुड

काका, हॉटेलच्या स्वस्त दराशी केलेली तुमची तुलना मला पटली नाही. हॉटेलचे आरक्षण रद्द केले तर माझे पैसे बुडतात, हे खरे आहे. पण मी रद्द केले नाही तर हॉटेलला मला खोली द्यावी लागते. इथे मी काहीही न करता माझी खोली तिसऱ्याच माणसाच्या एका बटणावर जाऊ शकते. दर कमी घेतला म्हणून पाहुण्याने स्वतःच्या अडचणीचा भार उचलावा, इतके मी मान्य करीन. सभासदाच्या आणि क्लबच्या चुकांचा भारही त्याच दरात गुंडाळून पाहुण्याच्या माथी मारणे न्याय्य नाही.

या चर्चेत रद्द होणे हा एकच प्रकार धरला जात आहे, हे मला खटकते. पाहुण्याने रद्द करणे, सभासदाने रद्द करणे, क्लबने नाकारणे आणि सरकारी आदेशाने सगळेच बंद होणे, या प्रत्येक वेळी पैशांची जबाबदारी वेगळ्या माणसाची आहे. जाहिरातीत मात्र ‘नो रिफंड’ या दोन शब्दांत सगळ्यांना एकच नियम लावलेला असतो.

पुसदची वकिली

ताईंनी केलेली विभागणी कायद्याच्या दृष्टीनेही योग्य आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सभासदाने स्वतः बुकिंग रद्द केले, तर तो सरळ करारभंग आहे आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसानभरपाई मागता येते. ‘नो रिफंड’ लिहिले म्हणून स्वतः करार मोडणाऱ्याला ते पैसे ठेवण्याचा हक्क मिळत नाही. सरकारी आदेशाने रिसॉर्टच बंद झाले, तर कलम ५६ लागू होण्याचा प्रश्न येतो. करार पार पाडणे अशक्य झाल्यामुळे तो रद्दबातल होतो, आणि कलम ६५ सांगते की अशा कराराखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा. मार्च २०२० मध्ये हाच प्रश्न जगभर उभा राहिला. फ्लोरिडातील डिस्नेची थीम पार्क त्या महिन्यात बंद झाली ती जुलैमध्ये उघडली. सभासदांचे पॉइंट्स सभासदांच्याच खात्यात परत गेले आणि भाड्याने घेणाऱ्या अनेक कुटुंबांना रोख पैसे परत मिळाले नाहीत, कारण त्यांचे पैसे क्लबकडे कधी गेलेच नव्हते. आपल्याकडे असा सभासद म्हणेल की, मी बुकिंग करून दिले, माझे काम संपले. करार बुकिंग करून देण्याचा होता की प्रत्यक्ष मुक्कामाचा, यावर सगळे अवलंबून राहील, आणि लेखी काहीच नसेल तर पाहुण्याला ते सिद्ध करणे जड जाईल.

ग्राहक आयोगात असा कोणताही वाद सहज नेता येतो, हा एक गैरसमज आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे सारे ग्रामीण माणसाच्या सोयीचे आहे. परंतु एखादी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, तर क्वचित, वैयक्तिकरीत्या आपले दिवस देत असेल, तर ती ‘सेवा पुरवठादार’ ठरते का, यावर समोरचा वकील जोरदार हरकत घेईल. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम तर वैयक्तिक पातळीवरच्या, नियमित धंदा नसलेल्या व्यवहाराला लागूच होत नाहीत. मध्यस्थ संकेतस्थळ असेल तर गोष्ट वेगळी : त्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. म्हणून अनोळखी माणसाकडून थेट घेण्यापेक्षा मध्यस्थामार्फत घेणे थोडे महाग असले, तरी माझ्या मते ते अधिक सुरक्षित आहे.

हिंगणघाटचा सभासद

वकीलसाहेब, कलम ७३ बद्दल माझा वाद नाही. जो सभासद पैसे घेऊन स्वतः बुकिंग रद्द करतो त्याने पूर्ण पैसे परत द्यायलाच हवेत, आणि पाहुण्याला ऐनवेळी दुसरीकडे जास्त पैसे मोजावे लागले असतील तर तो फरकही द्यावा. पण भाऊंचा मूळ निष्कर्ष, की शेतकरी कुटुंबाने या वाटेला जाऊच नये, तो मला अजूनही टोकाचा वाटतो. आजी-आजोबा, दोन भावांचे संसार आणि मुले असे एकत्र कुटुंब हॉटेलात उतरवायचे तर तीन-चार खोल्या घ्याव्या लागतात, आणि तरीही म्हातारी माणसे एका मजल्यावर तर मुले दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर असले की आजोबांच्या पथ्याची भाकरी आणि वरण तिथेच होते. अशी जागा पूर्ण दराने घेणे आपल्या भागातल्या किती घरांना परवडेल? धोका आहे म्हणून दार बंद करण्यापेक्षा कागद पक्का करावा. मक्त्याचाही करार लिहूनच केला जातो ना?

मेळघाटची वाट

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. मे महिन्यात एवढ्या दूरच जायचे असे कोणी ठरवले? चिखलदरा आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे, गाडी करून जाता येते. अडचण आली तर एका फोनवर तारीख बदलण्याची गोष्ट करता येते. पॉइंट्सचा धोका मुख्यतः दूरच्या आणि खूप आधी ठरवलेल्या मुक्कामाला असतो.

संत्राबाग वरुड

चिखलदरा आम्हाला प्रिय आहे, दादा, पण मुलांना एकदा समुद्र दाखवायचा असतो. त्यामुळे प्रश्न तिथेच राहतो.

काकांनी कागदाचा मुद्दा काढला, त्यावर माझी मागणी अशी आहे. रक्कम दोन टप्प्यांत असावी : निम्मी बुकिंग झाल्यावर आणि निम्मी खोली ताब्यात मिळाल्यावर. सभासदाचे चालू वर्षाचे शुल्क भरल्याची पावती आधी दाखवावी. क्लबला पाहुणे चालतात का आणि पैसे घेऊन दिलेले चालतात का, हा नियम सभासदाने स्वतः उघड करून सांगावा, कारण अनेक क्लब नातेवाईक व मित्रांना परवानगी देतात पण व्यापारी वापराला मनाई करतात. पैसे देण्यापूर्वी आपण रिसॉर्टच्या फोनवर आपल्या नावाचे बुकिंग तपासावे, आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावे. तो क्रमांक सभासदाने दिलेला नको, रिसॉर्टच्या संकेतस्थळावरून घेतलेला हवा. एकच कन्फर्मेशन दोन कुटुंबांना विकण्याची फसवणूक निदान अशाने आधी उघडकीस येते. आणि तशी फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले तरच ते हाती लागण्याची आशा असते.

सुतक आणि आजारपणासाठी वेगळे कलम हवे. सभासदाचे जे पॉइंट्स परत मिळतील आणि प्रत्यक्ष वापरता येतील, तेवढ्या प्रमाणात पैसे परत करावेत.

हिंगणघाटचा सभासद

पहिल्या चार अटी मला मान्य आहेत. शेवटची तत्त्वतः मान्य आहे, पण ‘प्रत्यक्ष वापरता येतील’ हे कोणी ठरवायचे यावरून भांडण होईल. त्याऐवजी तारखांची पायरी ठेवावी : तीन महिने आधी कळवले तर बहुतांश रक्कम परत, महिनाभर आधी कळवले तर निम्मी, त्यानंतर काही नाही. हे दोघांनाही आधीच माहीत असते आणि त्यात कोणाच्या सद्भावनेवर विसंबावे लागत नाही.

पांढरंसोनं (आर्णी)

सर्वांचे आभार. या पायऱ्या आणि निम्मी रक्कम खोली मिळाल्यावर देण्याची अट लेखी स्वीकारणारा सभासद भेटला, तर पैशांपुरता माझा आक्षेप मी मागे घेतो. ‘घेऊ नये’ याऐवजी ‘या अटींशिवाय घेऊ नये’ असे माझे मत आता समजावे. सुतक मात्र तीन महिने आधी कळवून येत नाही, त्यामुळे त्या कलमाबाबत मी ताईंच्या बाजूचा आहे.

एक मुद्दा मात्र कोणत्याही करारनाम्याने सुटत नाही. क्लबच्या नियमात पैसे घेऊन पाहुणे पाठवायला मनाई असेल आणि रिसेप्शनवर तेच कारण सांगून खोली नाकारली, तर भरपाई पुढे कधीतरी मिळेल. पण मे महिन्याच्या गर्दीत, परक्या गावी, संध्याकाळी, आई-वडिलांना आणि लहान मुलांना घेऊन त्या रात्रीपुरती दुसरी जागा शोधावी लागेल. म्हणून क्लबची मनाई असलेले पॉइंट्स कितीही स्वस्त मिळाले आणि करार कितीही पक्का असला, तरी मी घेणार नाही. काका, तुमच्या क्लबचा याबाबतचा नियम नेमका काय आहे, तो येथे लिहावा, अशी विनंती आहे.