गोष्ट पाठ होती, तरी अडले

मृगसरी:
गेल्या रविवारी गावच्या वाचनालयात पहिल्यांदाच कथाकथन केलं. तीसेक माणसं होती. गोष्ट घरचीच: आजोबांनी सांगोल्याच्या बाजारात विकलेला बैल तिसऱ्या दिवशी पहाटे दारात येऊन उभा राहिला, ती. शब्दन् शब्द पाठ केली होती. मध्येच कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि पुढचं वाक्यच आठवेना. शेवटी पिशवीतून कागद काढून वाचली. फार वाईट वाटलं. दिवाळीनंतर परत बोलावलंय. पाठांतर पक्कं कसं करू?

झांजवाली:
ताई, पाठांतर सोडाच. माझे वडील नारदीय कीर्तन करायचे, मी मागे झांज धरून उभी असायचे. एकच आख्यान कितीदा ऐकलं, पण दोनदा सारखं कधी झालं नाही. साक्या, दिंड्या, आर्या ही पद्यं तेवढी पाठ, त्यात अक्षर इकडचं तिकडे होत नसे. मधलं गद्य समोरची माणसं बघून. पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचा निरूपणाचा भाग, संपला की भजन लागतं, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तेवढ्यात बाबा कोण कोण आलंय ते हेरून ठेवायचे. बायका जास्त असल्या की जनाबाईचं दळण लांबायचं.
तुमच्या गोष्टीतही असे तीन-चार खांब रोवा. बैलाच्या गळ्यात तुटकं दावं होतं का? मग ते दावं हा एक खांब. त्याच्यापर्यंत कसं जायचं, ते त्या दिवशी ठरेल. श्रावणातल्या कहाण्यांत ‘उतणार नाही, मातणार नाही’ फिरून फिरून येतं ना? तिथे सांगणारीला दम खाता येतो, ऐकणारीला ओळखीचं काही सापडतं.

ओसरी:
थोडा वेगळा अनुभव. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र मी पाठच करतो. सुरुवातीला घसा कोरडा पडलेला असतो, तेव्हा तेच सावरतं. आणि शेवट ठरलेला नसला की माणूस उगाच पाल्हाळ लावतो.

मृगसरी:
दोघांचेही मनापासून आभार. काल मेथी निवडता निवडता शेजारच्या काकूंना गोष्ट सांगितली, कागदाशिवाय. दाव्यापाशी आले तर त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, “मग रात्रीचा कुठं थांबला असेल गं तो?” हे मी लिहिलंच नव्हतं. तिथल्या तिथे ओढ्याकाठची एक रात्र सांगितली. काकू हुंकार देत राहिल्या, मेथी तशीच.