‘जगात चौथे’ या फॉरवर्डवरून नागपुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-१०४: *फॉरवर्ड* भारतीय सैन्य जगात चौथं! अमेरिका, रशिया, चीन आणि मग आपणच. छाती भरून आली असेल तर दहा जणांना पाठवा.

ए-३०२: भरून आली. पण दहा जणांना पाठवल्यानं चौथ्याचं तिसरं होते का भाऊ?

बी-१०४: ताई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता. ऑपरेशन सिंदूर पाहिलं ना सगळ्यांनी?

डी-५०१: सैन्यांच्या क्रमवारीची ती यादी माणसं, रणगाडे, विमानं, जहाजं, पैसा हे सगळं मोजून बनवतात. अण्वस्त्रं त्यात धरतच नाहीत. मी एअरफोर्सच्या मेंटेनन्समध्ये नोकरी केली, शेवटी इथे वायुसेना नगरला होतो. आमच्याकडे ताफ्यात किती विमानं आहेत हे कोणी विचारत नसे. उद्या सकाळी किती उडतील, एवढंच विचारत. सुटा भाग आला नाही तर विमान कितीही भारी असो, हँगरमध्येच. कागदावर मात्र ते मोजलं जातेच.

डी-५०१: २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. लढाऊ विमानांच्या तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, मंजूर ४२, उरल्या २९. ‘चौथे’वाल्या मेसेजमध्ये हे नसते.

बी-१०४: पण आपलं नवं लढाऊ विमान तेजस येऊन राहिलं ना काका!

डी-५०१: येऊन राहिलं, पण इंजिनाच्या वेगानं. २०२१ मध्ये ८३ तेजसची ऑर्डर दिली, त्याच वर्षी अमेरिकन कंपनीला ९९ इंजिनांची. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ ला. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन १९८९ ला मंजूर झालं होतं, ते अजून तेजसमध्ये बसलं नाही. तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या.

सी-२०३: 😂

सी-२०३: काका, तरी मला धोरणाची दिशा पटते. २०२० पासून याद्या काढून शेकडो वस्तूंची आयात टप्प्याटप्प्यानं बंद केली. २०२४-२५ ला संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. नागपूरचंच पाहा ना, नागास्त्र-१ हे लक्ष्यावर जाऊन फुटणारं ड्रोन इथल्या कंपनीनं बनवलं. लक्ष्य सापडलं नाही तर ते पॅराशूटनं परत उतरते, पुन्हा वापरता येते. पहिली १२० नगं सैन्याकडे गेली ती आपल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोत.

ए-३०२: मग अडचण काय आहे?

सी-२०३: आतलं सामान. मी मिहानच्या औद्योगिक भागात सर्किट बोर्डवर काम करतो म्हणून सांगतो. डबा आपला, रंग आपला, वर तिरंग्याचं स्टिकर. उघडलं की चिप, मोटार, कॅमेरा, रेडिओ बाहेरचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्याच्या ४०० ड्रोनचे करार ह्याच कारणावरून रद्द झाले, चिनी भाग होते म्हणून. माझ्या मते तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला निर्णय होता, आणि त्यावर एकही फॉरवर्ड आला नाही.

बी-४०२: मंडळी, आता माझं ऐका. टाइप करायला वेळ लागते, मध्ये कोणी गुड मॉर्निंग टाकू नका.

बी-४०२: मी अंबाझरीच्या सरकारी आयुध फॅक्टरीत होतो. डिफेन्सच्या क्वार्टरमध्ये पोरं लहानाची मोठी झाली. पिनाका या सैन्याच्या रॉकेट लाँचरच्या रॉकेटचे धातूचे भाग आमच्या शॉपमधून जात. एक लाँचर ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडते, हे तुम्ही टीव्हीवर पाहता. एक नळी बरोब्बर मापात यायला किती वेळ लागते ते टीव्हीवर नाही दाखवत. ऑक्टोबर २०२१ ला सगळ्या आयुध निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या. आमची फॅक्टरी त्यातल्या यंत्र इंडिया कंपनीत गेली, मुख्यालय नागपुरातच. तेव्हा संप होऊ नये म्हणून आधी वटहुकूम काढला, मग कायदा केला. मी युनियनवाला, पण खरं बोलतो. आमच्याकडे ढिलाई होती, माल उशिरा जात होता. खाजगी कंपन्या आल्या तर कामात चुरस येते, माझी हरकत नाही. पण ज्या माणसाचा दारूगोळ्याशी रोज संबंध येते, त्याचं तोंड कायद्यानं बंद करून काम सुधारत नाही. ‘साहेब, ही मशीन बरोबर नाही’ हे पहिल्यांदा त्यालाच कळते. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, निदान आठ कामगार गेले. आपल्या जिल्ह्यातल्या खाजगी कारखान्यांतही झाले, त्यात खेड्यातल्या पोरीबाळी होत्या. बी-१०४, तुमच्या यादीत रणगाडे मोजले, ह्या पोरी कुठल्या रकान्यात?

ए-१०१: बरोबर बोलले भाऊजी.

बी-१०४: काका, मी सैन्याचा अभिमान म्हणून टाकलं होतं. कामगारांच्या विरोधात नव्हतं.

बी-४०२: माहीत आहे ना जी. मीही अभिमानानंच लिहून राहिलो.

ए-१०१: मी एक विचारू? माझा काटोलचा भाचा अग्निवीर आहे. चार वर्षं झाली की शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीच्यांना ११ लाख ७१ हजार देऊन घरी. सगळे म्हणतात लढाई आता ड्रोनची, रडारची, कॉम्प्युटरची. मग जे पोरगं हे सगळं शिकलं, त्याला शिकून झाल्यावर घरी काहून पाठवता?

डी-५०१: वहिनी, सरकारचं उत्तर असं, की सैन्य तरुण राहते आणि पेन्शनचा बोजा कमी होऊन तो पैसा शस्त्रांकडे वळते. पायदळापुरतं मी ते थोडंफार मान्य करतो. पण माझ्या ट्रेडमध्ये नाही. माझ्या सहीवर विमान उडायचं, ती सही मिळायला चार वर्षांहून जास्त लागली होती.

सी-२०३: काकू, माझंही तेच मत. निदान तांत्रिक शाखांना २५ टक्क्यांची अट नको.

ए-१०१: हे दिल्लीत कोण सांगते?

ए-३०२: टाका फॉरवर्ड, दहा जणांना.

सेक्रेटरी: चर्चा छान चालली आहे, पण पार्किंगच्या कॅमेऱ्यांची तीन कोटेशनं आली आहेत. रविवारच्या मीटिंगआधी मत द्या.

बी-१०४: सगळ्यात स्वस्त तेच घ्या. मेंटेनन्स आधीच वाढवला आहे.

सी-२०३: स्वस्तवाल्याचं मॉडेल पाहिलं, चिनी आहे. एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र नसलेला सीसीटीव्ही विकताच येत नाही, आणि ह्याचं प्रमाणपत्र कोटेशनमध्ये लावलेलं नाही. जुना स्टॉक खपवून राहिले असतील.

बी-१०४: अबे, आपल्या पार्किंगमध्ये चीनला काय दिसणार आहे? माझी ॲक्टिवा?

ए-३०२: बाप्पा! सैन्यात चिनी चिप चालत नाही, तुमच्या पार्किंगमध्ये चालते?

बी-४०२: सेक्रेटरी साहेब, प्रमाणपत्र मागून घ्या. सही-शिक्क्याचं, फोटो नको.

सेक्रेटरी: मागतो. सी-२०३, तुम्ही जरा तपासून द्याल का?

सी-२०३: देतो. उद्या संध्याकाळपर्यंत.

बी-१०४: ठीक आहे, पण फ्लॅटमागे किती फरक पडते तेही लिहा.