रे: टॉवर आणि एक्स-रे, दोन्ही एकच का?

वर एकांनी लिहिलंय की मोबाइल टॉवर काय नि एक्स-रे काय, दोन्ही रेडिएशनच, म्हणजे धोका सारखाच. घराणं एकच, हे खरं. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी, निर्वातात वेगही तोच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. पण वारंवारतेतला, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यातला, फरक अफाट आहे हो!

आपल्या सांगली आकाशवाणीचंच घ्या. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२ लाख ५१ हजार कंपनं. ३ लाख किलोमीटरला त्याने भागा, एका लहरीची लांबी जवळपास २४० मीटर येते. मोबाइलची हातभर किंवा त्याहून कमी. एक्स-रेची अणूच्या आकाराएवढी. लहर जितकी आखूड, तितकी तिच्या एकेका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एकेका पुडक्यात, ऊर्जा जास्त. अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद एक्स-रेत असते, मोबाइलच्या लहरीत नसते. ती फार तर ऊब देते. म्हणून धोका सारखा नाही.

काल पुतणीला टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायला लावलं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना, स्क्रीनवर मात्र रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट लुकलुकत होता. ती अवरक्त किरणं, याच घराण्यातली, लाल रंगापेक्षा जरा कमी वारंवारतेची. मुलांना हे जरूर दाखवा, पोरगी तासभर रिमोट सोडत नव्हती.