गाडीचा खर्च टॅक्समध्ये दाखवायचा म्हणजे नक्की काय काय दाखवायचं?

आराखडा_नाशिक
नमस्कार मंडळी. मी इंटिरियर डिझाईनचं काम करते, स्वतःचं, घरातल्याच एका खोलीत ऑफिस. इतकी वर्षं स्कूटीवर भागवलं पण आता साईट सिन्नर, ओझर, एक तर थेट इगतपुरीला, आणि टाईल्सचे सॅम्पल पायाशी ठेवून स्कूटीवर हायवेला जायचं म्हणजे जीव मुठीत. म्हणून जीएसटी कमी झाल्यावर २२ नोव्हेंबरला गाडी घेतली. एक्स-शोरूम ९ लाख ९०, आरटीओचे साधारण १ लाख १०, इन्शुरन्स ३८ हजार वेगळा. गाडी माझ्याच नावावर, लोन पण माझंच. २०२५-२६ची फी जीएसटी सोडून २१ लाख, सगळी बँकेतूनच. ड्राफ्ट्समनचा पगार, सॉफ्टवेअर, प्रिंट वगैरे धरून बाकी खर्च ४ लाख २० हजार.
आता रिटर्न भरून देणारे म्हणतात गाडीचं तुम्हाला काही मिळणार नाही. का, ते सांगत नाहीत, मार्च एंड संपून दोन महिने झाले तरी ते घाईतच असतात. आणि नणंदेचे मिस्टर म्हणतात पूर्ण ईएमआय खर्चात टाक, सगळे टाकतात. पेट्रोलच्या पावत्यांची पिशवी भरून ठेवलीये मी. खरं कोणाचं?

साधा_माणूस_ठाणे
ताई नवीन टॅक्स रेजिममध्ये असाल तर विषयच संपला, तिथे कुठलंच डिडक्शन नसतं.

डायरीवाला_कोल्हापूर
ठाणेकर, हे तेवढं चुकीचं सांगू नका हो. नवीन रेजिममध्ये ८०सी, मेडिक्लेम वगैरे जातं, धंद्याचा खर्च जात नाही. पेट्रोल, दुरुस्ती, घसारा (वापरानं गाडीची किंमत दरवर्षी उतरते ती) हे डिडक्शन नव्हे, नफा काढायच्या आधीच वजा होतो तो खर्च. मी स्वतः नवीन रेजिममध्ये आहे आणि दरवर्षी गाडीचा खर्च दाखवतो.
मी विम्याचा एजंट. कमिशनवाल्यांना ४४एडी, म्हणजे धंद्याचा नफा ठरावीक टक्क्यांनी धरायची सोय, मिळत नाही त्यामुळे आम्हाला हिशेब लिहूनच आयटीआर ३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागतो. पहिली दोन वर्षं मी पण पावत्यांची पिशवीच ठेवायचो. मग एक वर्ष केस चौकशीला निघाली, पिशवी उघडली तर निम्म्या पावत्या कोऱ्या! पंपावरचा तो थर्मल कागद, डॅशबोर्डवर उन्हात पडला की सहा महिन्यांत पांढरा फट्ट. आणि ज्या दिसत होत्या त्यात एक गणपतीपुळ्याची, ती पण दिवाळी पाडव्याची. साहेबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत, मीच म्हटलं हे काढून टाका. तेव्हापासून डायरी. गाडीतच असते, पेन दोऱ्यानं बांधलेलं. तारीख, गाव, काम, निघताना मीटर, परतल्यावर मीटर. "गडहिंग्लज, क्लेम फॉर्म, ४१२३६ ते ४१३७८" एवढंच. पावतीचा फोटो तिथल्या तिथं. वर्षाच्या शेवटी धंद्याचे किमी भागिले एकूण किमी, माझे साधारण ७० टक्के येतात, तेवढाच खर्च धरायचा, बाकी ३० लेकीच्या क्लासचे आणि सासुरवाडीचे. ताई, तुमची पण डायरी आजपासूनच सुरू करा.

खतावणी
मी याच कामातली, सीए आहे. डायरी उत्तमच, पण आराखडा ताई, तुमच्या केसमध्ये आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. गेल्या वर्षी रिटर्न आयटीआर ४ मध्ये भरलं होतं का? असेल तर तुम्ही ४४एडीए मध्ये, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या तशाच स्कीममध्ये, आहात. इंटिरियरचा व्यवसाय त्यात बसतो, ७५ लाखांपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर. त्यात फीच्या ५० टक्के हा नफा असं सरकार धरून चालतं आणि उरलेल्या ५० टक्क्यांत तुमचा सगळा खर्च, गाडीसकट, आलाच असं समजतं. म्हणून तुमचे रिटर्नवाले म्हणतात की वेगळं काही मिळणार नाही. बरोबरच आहे ते, नीट सांगायला हवं होतं एवढंच.
आता खराखुरा खर्च दाखवला तर काय होईल ते बघा. गाडीवर घसारा १५ टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा, आणि नोव्हेंबर ते मार्च म्हणजे १३०च दिवस होतात. एक्स-शोरूम आणि आरटीओ मिळून ११ लाख, त्यावर साडेसात टक्के, ८२,५००. धंद्याचा वापर ७० टक्के धरला तर ५७,७५०. लोनचं व्याज आणि पेट्रोल तुमचे खरे आकडे टाका, पण ईएमआय मधलं फक्त व्याज हं, मुद्दल हा खर्च नसतो, नणंदेच्या मिस्टरांनी असं भरलं असेल तर देव त्यांचं रक्षण करो. मुद्दलाच्या जागी घसारा मिळतो ना, दोन्ही कसं मिळेल.

आराखडा_नाशिक
हो, आयटीआर ४च होतं!! व्याज मार्चपर्यंत २६ हजार आणि पेट्रोल ४५ हजार.

खतावणी
मग करा बेरीज. व्याजाचे ७० टक्के १८,२००, पेट्रोलचे ३१,५००, इन्शुरन्सचे २६,६००, घसारा ५७,७५०. गाडीचे झाले १,३४,०५०. बाकीचे ४,२०,०००. एकूण ५,५४,०५०. आणि ४४एडीए तुम्हाला एक पावती न दाखवता १०,५०,००० देतंय! गाडी दाखवायच्या नादात जवळजवळ पाच लाखांचं उत्पन्न जास्त दाखवाल. ज्यांचा खरा खर्च निम्म्याच्या वर जातो त्यांनी हिशेब लिहून आयटीआर ३ कडे जावं, पण ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट पण करावं लागतं, त्याची फी धरा. एका वर्षी बाहेर पडून पुन्हा आत यायला ४४एडीए मध्ये बंदी नाही, बाहेर पडलं की पाच वर्षं परत येता येत नाही ही भानगड ४४एडीची.
दोन गोष्टी अजून. या स्कीममध्ये घसारा घेतला नाही तरी घेतलाच असं मानून गाडीची पुस्तकी किंमत दरवर्षी उतरत जाते, पुढे हिशेबावर आलात की किंवा गाडी विकलीत की लक्षात येतं. आणि जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या भरायच्या जीएसटीतून वळता करणं, तुम्हाला गाडीवर मिळणार नाही, तेरा सीटपर्यंतच्या गाड्यांवर ते बंद आहे, टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांचे डीलर अशांना सोडून. सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्सवरचं पण नाही.
आणि हो, फर्निचरसकट अख्खं काम अंगावर घेत असाल तर ती फी नाही, तो धंदा, त्याचं गणित वेगळं.

डायरीवाला_कोल्हापूर
घ्या, मी उगाच पेन दोऱ्यानं बांधायला लावत होतो 😄 मॅडम, मला एक सांगा, क्लच प्लेटचं १४,३०० चं बिल गॅरेजवाल्याला रोख दिलं, जीपे नको म्हणाला, ते चालेल का?

खतावणी
नाही चालणार. एकाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं की अख्खा खर्च बाद, वरचे ४,३०० नाही, पूर्ण १४,३००. पुढच्या वेळी आधीच सांगा त्याला. ट्रॅफिकचा दंडही खर्चात टाकू नका. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६चं रिटर्न जुन्या कायद्यानेच जाईल.

साधा_माणूस_ठाणे
सॉरी ताई, माझं चुकलं. मी पगारदार माणूस.

आराखडा_नाशिक
सॉरी कसलं दादा. खतावणी मॅडम, दोन महिन्यांत मला कोणी हे आकड्यांत सांगितलं नव्हतं, खूप आभार. डायरी मात्र ठेवणार, ड्राफ्ट्समन अजून एक घ्यायचाय, पुढच्या वर्षी खर्च निम्म्यावर गेला तर हाताशी असू दे. आत्ता पिशवी उघडून पाहिली, डिसेंबरच्या तीन पावत्या खरंच कोऱ्या झाल्यात. हे सगळं नणंदेच्या मिस्टरांना पाठवलं, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.