जिनिंगच्या मॉक ड्रिलला टायर जाळायचे कशाला?

सरकी_ढेप: कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या आवारात आग विझवायचं ड्रिल. लोखंडी ट्रे, डिझेल, वर दोन टायर. डिझेल लवकर धरत नाही म्हणून पेट्रोलचा शिडकावा. बंद करा हे. ट्रेत वीतभर पाणी, पाण्याखाली भोकं पाडलेला जीआय पाइप, त्यात एलपीजी. बुडबुडे वर येऊन पाण्यावरच जळतात, काळा धूर जवळपास नाहीच. आधी लांब दांड्याची मशाल ट्रेवर धरायची, मग वॉल्व्ह. उलट केलं तर साचलेला गॅस एकदम भडकतो.

धुरकरी: वॉल्व्ह बंद, आग खतम! रुईची गाठ अशी विझते का राजेहो? वरून काळी, आत धुमसत. बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, थर सोडवत भिजवावी लागते. अन् धुराशिवाय भिंतीला हात लावत वाकून शिरणं कसं शिकवाल? इथं वावरावावरात कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटते, एका ट्रेचं काय घेऊन बसलात!

सरकी_ढेप: पऱ्हाटीच्या धुरात तुम्ही उभे राहत नाही. ट्रेजवळ बॅचमागून बॅच शिकवणारा तोच असतो. आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, 2022 मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारकांच्या गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांत, टाकलंय. धूर शिकवायला नाटकातलं फॉग मशीन लावा, गाठीसाठी खराब गाठ घ्या. टायर जिनिंगात जळतात कुठं?

बंबावरचा: गॅसचं एक लक्षात घ्या. 19 किलोच्या एकाच सिलिंडरवर मोठी ज्योत चालवली की त्यावर बर्फ धरतो, दाब पडतो, ज्योत बसते. आतला द्रव वाफ होताना थंड होतो ना. मग कोणी सिलिंडर आडवा करतो अन् द्रवच पाइपात येतो. तीन-चार सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एकाच सामाईक पाइपाला, जोडा. ट्रे खोलगट जागी नको, गॅस हवेपेक्षा जड.

धुरकरी: बरं, टायर सोडले. पण तुराट्या-पऱ्हाटी जाळणारच. लाकडावर पाणी कसं मारायचं हे गॅसवर कळत नाही.

बंबावरचा: जाळा, पण कडकन मोडेल इतकी वाळलेली. प्लायवूड, रंगवलेली दारं, फवारणीचे रिकामे डबे अजिबात नको. अन् सकाळी 7 ला नको. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते, धूर गावावरच राहतो. 11 नंतर घ्या.

धुरकरी: 11 ला फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग असते. पऱ्हाटीची एक ठिणगी बस्स.

सरकी_ढेप: मग खरेदी बंद असेल त्या दिवशी.