गावाकडच्या लेकरांचं मन : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, दादर

महिन्यातून एका शनिवारी पहाटेची कसारा लोकल पकडते आणि पुढे जीपने मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जाते. समुपदेशन शिकले मुंबईत. 'तुला कसं वाटतंय?' या प्रश्नाला तिथली पोरं फक्त 'बरं' म्हणतात, हे मात्र तिथे गेल्यावरच कळलं.

सातवीतला एक मुलगा. दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यापासून त्याचं रोज संध्याकाळी पोट दुखायचं. ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, जंताच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफीही झाली. काही निघालं नाही, तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की ढोंग आहे. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. तो चपलेचा तुटका अंगठा आत-बाहेर करत होता. बऱ्याच वेळाने विचारलं, "आत्ता घरी कोण असेल?"

"कोनी नाय. कुलूप हाय."

आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. कुठल्या भट्टीवर, ते त्याला ठाऊक नव्हतं. चुली पेटायच्या वेळेला आपली आई कुठे बसून भाकरी थापत असेल, हे त्याला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. पोट दुखायचं ते नेमकं त्याच वेळेला.

मुकादमाचा नंबर मिळवायला तीन आठवडे गेले. आता दर रविवारी पाच मिनिटं आईशी बोलणं होतं. पोट अजून मधूनमधून दुखतं, पण तो गोळी मागत नाही.

तुम्ही काय पाहिलंत? कशाचा उपयोग झाला, काय चुकलं, सगळं लिहा. मुलांची आणि गावांची नावं मात्र टाळा.

परिचारिका, परळ

मी ऊसतोड कामगारांची मुलगी, बीडची. दसरा सरला की गाडी यायची. आईबाबांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने ते कारखान्याच्या भागात, आणि मी आजीजवळ. त्या महिन्यांत मी वर्गात बोलायचेच नाही. 'पोरीचं अभ्यासात लक्ष नाही' एवढाच शेरा असायचा.

चौथीत एक बाई आल्या. दर शनिवारी त्या मला आईला पत्र लिहायला लावत. पत्ता नव्हताच, कारण टोळी आज एका फडावर तर उद्या दुसऱ्या. बाई म्हणाल्या, लिही तर खरं, मी कपाटात ठेवते. एप्रिलमध्ये आई आली तेव्हा त्यांनी तो सुतळीने बांधलेला गठ्ठा तिच्या हातात दिला. आईला वाचता येत नव्हतं. मग ओसरीवर बसून मीच तिला एकेक पत्र वाचून दाखवलं. दाताचं दुखणं, शेळी व्याली ते, एका रात्री भीती वाटली ते. आई मध्येच म्हणाली, "हे मला का नाही सांगितलंस?"

त्या बाईंनी समुपदेशनाचा कोर्स केलेला नव्हता. पण सहा महिने एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

वैद्यकीय समाजसेविका, मुंबईतलं एक सरकारी रुग्णालय

आमच्या मानसोपचार ओपीडीत रात्रीच्या एसटीने आलेली कुटुंबं सकाळी सातला रांगेत असतात. तेरा वर्षांची एक मुलगी आली होती, रायगडकडची. 'अंगात येतं' म्हणून आठ महिने भगताकडे नेत होते. आधी फिट्सची शंका फेडायला हवी होती, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढला. तो ठीक आला. मग तिच्याशी एकटीशी बोललो. घरात तिच्या लग्नाच्या सुपारीची बोलणी सुरू झाल्यापासून हे चालू होतं. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी हमखास झटका.

भगताला आम्ही नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर आई पुन्हा आलीच नसती. "त्यांचं चालू दे, पण दर पंधरा दिवसांनी इकडेही या," एवढंच सांगितलं. लग्न थांबवायला ग्रामसेवकांची मदत झाली. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही, हेही सांगते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली.

चाकरमानी, डोंबिवली

माझा मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही दोघं कामावर, खोली लहान, म्हणून दोन वर्षांपूर्वी चिपळूणजवळ आईकडे ठेवला. तिथे शाळा बरी, हवा चांगली. गेले चार महिने तो फोनवर येत नाही. आई म्हणते, खेळायला गेलाय. वरचं पोटदुखीचं वाचून काल झोप लागली नाही, कारण आईही म्हणत होती की हा जेवत नाही.

माजी स्वयंसेवक, बोरिवली

आमची चूक सांगतो. एका संस्थेतर्फे आम्ही एका खेड्यात एक दिवसाचं 'मनमोकळं' शिबिर घेतलं. मुलांना गोलात बसवलं आणि सांगितलं, इथे बोललेलं कुणालाही कळणार नाही. दुपारी एक मुलगी माझ्या सहकारी ताईंजवळ रडत बोलली. नात्यातल्या माणसाबद्दल होतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे, आणि आम्ही कळवलंही. पण तिच्या दृष्टीने आम्ही शब्द मोडला. शिवाय पाच वाजता आमची गाडी निघाली. त्या रात्री ती त्याच वाड्यात होती.

तेव्हापासून मी मुलांना असं वचन देत नाही. "तुला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन," असं म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात कोण असणार आहे, आशाताई, अंगणवाडीताई की शिक्षक, हे पक्कं झाल्याशिवाय कुठल्याही शिबिराला जात नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला दोन वर्षं विचारायची हिंमत झाली नाही, याची खंत आहे.

मूळ यवतमाळ, सध्या कुर्ला

काकांनी जीव दिला तेव्हा चुलतभाऊ दहा वर्षांचा होता. तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच बोलायचा, "आता तूच घरातला कर्ता." दहा वर्षांचं पोर! आशाताई घरी येऊन काकूची विचारपूस करून जायच्या, ते चांगलंच झालं. त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. फवारणीचा पंप ज्या खोलीत होता, तिथे तो पाऊल टाकत नव्हता आणि त्यावरून बोलणी खात होता. वर्षभराने मला म्हणाला, "दादा, त्या दिवशी बाबांनी मला पाणी मागितलं होतं, मी खेळत होतो." वर्षभर हे त्याच्या पोटात होतं. मोठ्यांनी मुलांना नेमक्या शब्दांत सांगायला हवं, यात तुझी चूक नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी अजूनही सांगतो.

चाकरमानी, डोंबिवली

शुक्रवारी रात्री तुतारी एक्सप्रेसने गावी गेलो. काही विचारलं नाही, दोन दिवस त्याच्याबरोबर नदीवर बसलो. रविवारी निघताना तो पिशवी धरून उभा राहिला, सोडेना. मग म्हणाला, "मी तुम्हाला तिकडे नको झालो म्हणून इथे ठेवलंत ना?" मी नाही म्हटलं, पण ते त्याला खरं वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं आहे. जिल्हा रुग्णालयात दाखवायचं तर कुठल्या वारी जावं, कुणाला माहीत असेल तर कळवा.