स्वयंपाक शिकायला हिंडायचं म्हणतोय, कुठं जाऊ?

रस्सावेडा:
मंडळी, मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. नोकरी ऑफिसात पण डोकं सगळं स्वयंपाकात. आमच्यात मटण बाबाच करणार, रविवारी आईला गॅसजवळ फिरकू देत नाहीत, आणि आजी उन्हाळ्यात सगळ्यांना मिरच्यांची देठं खुडायला बसवते, ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, मग कांदा-लसूण-खोबरं तयार करून सगळं डंकावर न्यायचं. माप विचारलं की "अंदाजानं घालायचं रे". दिवाळीनंतर आठवडाभर सुट्टी आहे. हॉटेलं नकोत, कुणाच्यातरी चुलीपर्यंत पोचता येईल असं सांगा.

घाटवाट:
भावा लांब कशाला, गगनबावड्यावरनं करूळ घाट उतर की खाली कोकणात. आपलं सुकं खोबरं, त्यांचा ओला नारळ, तिथंच सगळी चव बदलते. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडतात, ती चावायची नसतात, वासापुरती, मी बिनधास्त चावली आणि जीभ बधिर. आणि गंमत बघ, नारळाचं दूध आपल्यात पण आहे, आपण ते मटणाच्या पाण्यात घालून गरम पांढरा रस्सा पितो, ते कोकमात घालून गार सोलकढी. एकाच दिवशी दोन्ही पिऊन बघ, नाद खुळा!!

माहेर_नागपूर:
मी कोल्हापूरची सून, तर माहेरची बाजू घेणारच 😀 सावजी खाऊन ये. मूळ हलबा कोष्टी विणकरांचं जेवण ते. रस्सा काळपट, तिखट उशिरा चढतं, तुमचा तांबडा पहिल्या घोटालाच सांगतो मी आलोय म्हणून. सासूबाईंना अजून पटत नाही पण वाटी मात्र पुसून खातात. फक्त आठवड्यात जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच जातील ते धर.

पेठेतली_काकू:
अरे बाळा हिंड खुशाल, पण आधी आजीपाशी वजनकाटा घेऊन बस. तिनं मूठ भरली की पातेल्यात टाकायच्या आधी काट्यावर ठेवायची आणि लिहून घ्यायचं, तिला विचारत बसू नको. मी आईचा मसाला असाच उतरवून घेतला. बाबांचा पांढरा पण नीट बघ. मटणाचं अळणी पाणी वेगळं काढतात, त्यात हळद घालतात का? खसखस, तीळ, काजूचं वाटण कधी पडतं? नारळाचं दूध शेवटी, आणि मग खळखळ उकळी नाही, नाहीतर फुटतो, ढवळत राहायचं नुसतं.

रस्सावेडा:
काकू, बाबा पाणी काढतानाच मला दुकानाला पिटाळतात, आत्ता कळलं का ते 😂 घाट फायनल. कुणाच्या घरी हात हलवत कसं जायचं म्हणून गुळाची ढेप नेतो, तवर गुऱ्हाळं पेटलेली असतील. काकवी पण चालंल काय मालवणात?

घाटवाट:
चालंल म्हणजे? पळंल! घावण्याबरोबर दे. झाकण तेवढं घट्ट लाव, घाटात वळणं लई हायत.